मुलीला एनसीसीत जाऊ द्यावं का? आणि रविवारी सकाळी सातला पोचवावं कसं?

हापूस_आणि_हिशेब | १३ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे तुडतुडा, फवारणी आणि पेटीचा भाव यापलीकडे काही लिहीत नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे.

थोरली मुलगी यंदा तालुक्याच्या कॉलेजात एफवायबीएस्सीला गेली. परवा घरी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. म्हटलं पडली की काय. तर एनसीसीची निवड होती. भर पावसात ग्राउंडवर पळवलं, उंची मोजली, चार प्रश्न विचारले आणि हिचं नाव यादीत आलं. बॅग टेकवायच्या आधी आईला सांगून मोकळी, "रविवारी सातला परेड, साडेसहाला ग्राउंडवर."

घोडं अडलंय ते इथे. आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या अलीकडे, कॉलेजपासून बावीस किलोमीटर. पूर्वी गावात वस्तीची गाडी असायची, पहाटे साडेपाचला सुटायची. ती बंद होऊन काही वर्षं झाली. आता पहिली गाडी सव्वासातला, ती स्टँडवर सोडते सव्वाआठला. रविवारी तीसुद्धा आली तर आली.

घरात तीन पक्ष आहेत. आई म्हणते नातीला लढाईला नेतील. बायको म्हणते प्रॅक्टिकलं बुडतील, आणि कॅम्पात मुलींची सोय कशी असते देव जाणे. धाकटा म्हणतो ताईला बंदूक मिळणार, म्हणजे तो तिच्या बाजूने.

माझी अडचण जरा निराळी आहे. १९९३ साली मी त्याच तालुक्याला कॉलेजात होतो आणि वर्षभर एनसीसीत होतो. दुसऱ्या वर्षी वडील म्हणाले, रविवारी तू तिकडे पाय आपटणार, मग कलमांच्या आळ्यात खत कोण घालणार? सोडली. बूट जमा करायला स्टोअरवर गेलो. तिथल्या हवालदाराने बूट हातात घेतले, टोकाला स्वतःचं तोंड दिसतंय का बघितलं आणि म्हणाला, "चमक तो है. फिर छोड क्यों रहा है?" मला उत्तर देता आलं नाही. सही केली आणि निघालो. त्यामुळे मुलीला 'नको' म्हणताना जीभ अडखळते, आणि 'हो' म्हणावं तर गाडी नाही.

कोणी यातून गेलं असेल तर सांगा. याचा खरंच उपयोग होतो का? की नुसतं प्रमाणपत्र फायलीत लावायचं?

---

मालवणी_मावशी | १३ जुलै, रात्री १०.२०

चेडवाक खुशाल धाडा. माझो झील होतो एनसीसीत. पयलो म्हयनो रडलो, दुसऱ्या म्हयन्यात स्वताची कापडा स्वता इस्त्री करूक लागलो. आता माका सांगा, ह्या शिकवक मी अठरा वर्सा घालवलंय, ता त्यांनी दोन म्हयन्यात केल्यानी. आणखी काय होया?

---

निळी_शाई | १३ जुलै, रात्री ११.०५

दादा, मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, एनसीसीचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. कोरडी माहिती देतो, मग भावना इतरांनी लिहाव्यात.

आजींना आधी शांत करा. एनसीसी १९४८ च्या कायद्याने चालते आणि कॅडेटवर सैन्यात जायचं किंवा लढाईवर जायचं कसलंही बंधन नाही. मनात आलं तर जायचं, नाही तर बँकेत लागायचं.

कॉलेजातल्या मुलांना सीनियर डिव्हिजन, मुलींना सीनियर विंग. तीन वर्षांचा मामला. दोन वर्षं झाली आणि एक वार्षिक शिबिर झालं की 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा. तिसऱ्या वर्षी 'सी'. दोन्हींना परेडची ७५ टक्के हजेरी लागते आणि तिथे कोणाची दयामाया नाही. तुमच्या मुलीचा खरा प्रश्न हाच आहे. आवड, धाडस वगैरे नंतर. दर रविवारी सव्वाआठला पोचली तर हजेरी लागणार नाही, आणि हजेरी नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

'सी'चा उपयोग म्हणाल तर सगळ्यात मोठा हा: पदवीला ५० टक्के आणि 'सी'ला किमान 'बी' श्रेणी असेल, वय १९ ते २५ मध्ये असेल, तर लष्करात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. एनसीसी स्पेशल एंट्री म्हणतात. थेट एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, मग मेडिकल, मग चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, ४९ आठवडे. मुलींनाही आहे. शिवाय अग्निवीर आणि पोलीस भरतीत प्रमाणपत्राला जादा गुण असतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणात एनसीसी श्रेयांकात धरतात.

वहिनींसाठी: मुलींच्या शिबिराला महिला अधिकारी किंवा महिला प्रशिक्षक सोबत असतात, राहायची सोय वेगळी असते. पालकांची लेखी संमती लागते. तो फॉर्म वाचून सही करा, आमच्याकडे निम्मे पालक न वाचताच करतात.

---

रत्नांग्रीकर | १४ जुलै, सकाळी ७.१५

निळी शाईंना अनुमोदन. एक पुरवणी: लोक 'नेव्हल एनसीसी' ऐकून मर्चंट नेव्हीचं स्वप्न बघतात. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. माझ्या आतेभावाने तीन वर्षं त्याच आशेवर काढली.

---

शंकेखोर | १४ जुलै, सकाळी १०.३०

सगळे एका सुरात गातायत म्हणून वेगळा सूर लावतो.

मुलीला जायचंय तर जाऊ द्या, पण 'नेतृत्व घडतं' हे जे सगळीकडे छापलेलं असतं ते डोळे मिटून घेऊ नका. या गोष्टीचा इतिहास बघा. कॉलेजातल्या पोरांना कवायत शिकवायची कल्पना इंग्रजांची, १९१७ ची, पहिल्या महायुद्धात माणूसबळ कमी पडायला लागलं तेव्हाची. पुढे १९२० ला ट्रेनिंग कोअर, १९४२ ला ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर. कुंझरू समितीने सांगितलं म्हणून स्वातंत्र्यानंतर १९४८ ला आजची एनसीसी. चीनच्या युद्धानंतर १९६३ ला कॉलेजात सक्ती केली. माझे वडील त्या सक्तीतले. रायफली पुरत नव्हत्या, लाकडी दांडके खांद्यावर घेऊन उभं करायचे आणि हजेरी झाली की मागच्या रांगेतली पोरं कुंपणावरून पसार. १९६८ ला सक्ती उठली, आणि पुढच्याच वर्षी एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आली.

बोधवाक्य काय आहे? 'एकता और अनुशासन'. यात नेतृत्व कुठे दिसतं तुम्हाला? दुसऱ्याने 'मुड' म्हटल्यावर वळायचं, 'थम' म्हटल्यावर थांबायचं. याने आज्ञाधारक माणूस तयार होतो. आपल्या कोकणात आज्ञाधारक माणसांची टंचाई कधी होती? मोठ्यांपुढे बोलू नये, चारचौघांत पुढे होऊ नये, हे तर घरीच शिकवतो आपण. त्यासाठी पहाटे पाचला उठून बावीस किलोमीटर कशाला?

---

जुना_सुभेदार | १४ जुलै, दुपारी ३.४०

शंकेखोर साहेब, तुमच्या वडिलांच्या वेळचं बरोबर सांगितलंत. सक्तीची कवायत म्हणजे नुसतं पाय आपटणं. त्याबद्दल वाद नाही.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. गाव मंडणगडच्या बाजूला. आमच्याकडे पलटणीत जाणं काही नवीन नाही. दापोलीला जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात, इंग्रजांच्या काळात पेन्शनर शिपायांची वस्ती होती तिथे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते. असो, मूळ मुद्दा.

कवायतीत ऐकणारा शिकतो हे तुम्हाला दिसलं. सांगणारा काय शिकतो ते बघा. कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना पुढे बोलावतात आणि तीस जणांची पलटण हातात देतात. ऑर्डरला दोन भाग असतात. आधी लांबवून इशारा, मग मध्ये श्वासभर थांबायचं, मग तोडून हुकूम. आणि चालत्या पलटणीला हुकूम ठरावीक पायावर पडला पाहिजे. अर्धा क्षण इकडेतिकडे झाला की निम्मे वळतात, निम्मे पुढे जातात, एकमेकांवर आदळतात. पोरं हसतात. आणि उस्ताद कोणाला धरतो? पलटणीला नाही. हुकूम देणाऱ्याला. "तेरी गलती है, उनकी नहीं."

अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला हे दुसरं कुठे कळतं सांगा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये काही बिघडलं की माइकवाल्यावर ढकलतात. इथे ढकलायला कोणी नसतं.

दुसरी गोष्ट रायफल. पॉइंट टू टू असते, लहान. पण रेंजवर गेलं की कर्नलच्या पोरीला आणि पाणक्याच्या पोराला सारख्याच गोळ्या आणि सारखंच टार्गेट. नंतर सगळ्यांसमोर कागद बघतात, भोकं किती जवळजवळ पडली ते. तिथे आडनाव चालत नाही.

---

हापूस_आणि_हिशेब | १४ जुलै, रात्री ९.१०

सुभेदार काका, अंगावर काटा आला. मी वर्षभरातच सोडल्यामुळे पुढे उभं राहायची पाळीच आली नाही. कायम मागची रांग, डावीकडून तिसरा.

शंकेखोर, तुमचं म्हणणंही टाकाऊ नाही. आमची कन्या घरात कोणाचं ऐकत नाही, त्यामुळे आज्ञाधारक झाली तर बायको पेढे वाटेल.

एक भाबडा प्रश्न. समुद्र आमच्या अंगणात, आणि कॉलेजात खाकीवाली एनसीसी. पांढऱ्या कपड्यातली, नौदलाची का नाही?

---

पाच_वल्ही | १५ जुलै, दुपारी १२.१०

हापूस दादा, मी ती पांढऱ्या कपड्यातली. रत्नागिरीत नेव्हल युनिट आहे, माझं कॉलेज त्यांच्याकडे होतं. तुमचं कॉलेज कोणत्या युनिटला जोडलंय त्यावर खाकी की पांढरी ते ठरतं, मुलीच्या हातात काही नसतं. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी किनारी आणि सीमेवरच्या १७३ जिल्ह्यांत एनसीसी वाढवायची घोषणा झाली, त्यात एक तृतीयांश जागा मुलींना म्हटलं होतं आणि किनाऱ्यावर प्रशिक्षणाला नौदल मदत करणार होतं. तेव्हा पुढेमागे होईलही. पण खाकी आहे म्हणून हिरमुसू नका.

मी मच्छीमाराची मुलगी. लहानपणापासून होडीत. पहिल्याच दिवशी व्हेलरमध्ये बसवलं तेव्हा मनात म्हटलं, हे काय शिकवणार मला. व्हेलर म्हणजे सत्तावीस फुटी बोट, पाच वल्ही, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन. वल्हं माझ्या उंचीच्या दुपटीहून लांब. 'गिव्ह वे टुगेदर' म्हटल्यावर पाचही वल्ही एकदम पाण्यात पडली पाहिजेत. मी माझ्या सवयीने मारलं. माझं वल्हं मागच्या मुलीच्या वल्ह्यावर आपटलं आणि तिच्या हातून निसटून तिच्याच बरगडीत बसलं. घरच्या होडीत मी एकटीच वल्हवत होते. पाच जणींत वल्हवणं मला येत नव्हतंच. बोटीच्या पुढच्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो, तिथे सगळे 'बो' म्हणायचे. तेही नव्याने शिकले.

दुसऱ्या वर्षी कॉक्सनच्या, म्हणजे सुकाणू धरून हुकूम देणारीच्या, जागी बसवलं. ही गोष्ट शंकेखोरांसाठी लिहिते. वल्हवणाऱ्या पाचही जणी बोटीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसतात. कुठे चाललोय ते त्यांना दिसत नाही. त्यांना दिसतो फक्त कॉक्सन. समोरचं पाणी, खडक, येणारी लाँच, सगळं दिसतं एकटीला, सुकाणू तिच्या हातात. एकदा ओहोटी लागली होती आणि मी वाळूच्या पट्ट्याचा अंदाज चुकले. बोट रुतली. पाचही जणी माझ्याकडे बघत होत्या. कोणी काही बोललं नाही, नुसतं बघत होत्या. पाण्यात उतरून ढकलताना कंबरेपर्यंत गाळ, आणि मीच सगळ्यात आधी उतरले, कारण न उतरून चालणारच नव्हतं.

याला नेतृत्व म्हणतात की नाही ते तुम्ही ठरवा. मी आता शाळेत शिकवते. सेमाफोरची, म्हणजे हात फिरवून एकेक अक्षर दाखवायची, दोन निशाणं अजून कपाटात आहेत, वर्गातल्या पोरांना त्यावर स्वतःचं नाव लिहायला शिकवते. फार आवडतं त्यांना.

---

गिरगावातली_कोकणी | १५ जुलै, दुपारी १.३०

पाच वल्ही, त्या बरगडीवाल्या मुलीचं पुढे काय झालं? :)

---

पाच_वल्ही | १५ जुलै, दुपारी १.४५

माझी वहिनी झाली. आजही काढते तो विषय, गणपतीत हमखास.

---

तिसऱ्यांदा | १६ जुलै, रात्री १२.२०

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

मी 'सी' प्रमाणपत्रवाला, 'ए' श्रेणी. स्पेशल एंट्रीतून दोनदा एसएसबीला जाऊन आलो. पहिल्या वेळी पहिल्याच दिवशी घरी. दुसऱ्या वेळी पाचही दिवस राहिलो, शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सनंतर नंबर वाचले, त्यात माझा नव्हता. तिसऱ्याची तयारी चालू आहे, म्हणून हे नाव.

कणकवलीच्या पलीकडचं गाव. एनसीसीने मला काय दिलं आणि काय नाही, दोन्ही सांगतो, कारण इथे फक्त दिलेलंच लिहिलं जातंय.

दिलं ते म्हणजे आवाज. माझ्या आवाजावर शंभर जणांची परेड हलायची. पण एसएसबीत गेलो तर तिथे ओरडायचं नसतं, बोलायचं असतं. आठ-दहा मुलं गोल बसवतात आणि एका विषयावर चर्चा. कोणी अध्यक्ष नाही, कोणाचा नंबर नाही. दिल्ली-डेहराडूनची मुलं एकमेकांचं वाक्य हलकेच तोडून आपलं सुरू करतात. मी आपला कोणीतरी 'आता तू बोल' म्हणायची वाट बघत बसलो. वीस मिनिटांत दोन वाक्यं. शंकेखोर म्हणाले ना, मोठ्यांपुढे बोलू नये हे घरी शिकवतो. ते अक्षरशः खरं आहे. त्यावर एनसीसीने मला हुकूम द्यायला शिकवलं. मधलं जे असतं, बरोबरीच्या माणसाला पटवून द्यायचं, ते ना घरी शिकलो ना ग्राउंडवर.

मानसशास्त्राच्या चाचणीत साठ शब्द दाखवतात, एकेक पंधरा सेकंद, त्यात वाक्य लिहायचं. माझ्या डोक्यात वाक्य मालवणीत यायचं, त्याचं इंग्रजी होईपर्यंत पुढचा शब्द. ग्राउंडवरच्या टास्कमध्ये मात्र मी खूश. फळी, दोरी, पिंप, आणि लाल रंगाच्या जागेला हात लावायचा नाही. तिथे हातांना कळतं काय करायचं. कमांड टास्कमध्ये दोन साथीदार निवडायचे होते, मी गटातल्या सगळ्यात गप्प मुलाला घेतलं आणि त्याने मला वाचवलं.

कामाची गोष्ट: नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीच्या तयारीचा कोर्स, राहणं-जेवण फुकट. 'सी' प्रमाणपत्र 'ए' किंवा 'बी' श्रेणीत असेल आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाने एसएसबीसाठी शिफारस केली असेल तर अर्ज करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. मला हे दुसऱ्या वेळेनंतर कळलं. कोणी सांगितलंच नाही. खासगी क्लासला घातलेल्या पैशात एक बरी सेकंडहँड दुचाकी आली असती.

तेव्हा दादा, मुलीला पाठवा, पण सोबत कॉलेजच्या वादसभेतही नाव घाला. किंवा जेवताना तिच्याशी वाद घाला आणि मध्येच 'मोठ्यांशी असं बोलतात का' म्हणू नका.

---

शंकेखोर | १६ जुलै, सकाळी ११.००

तिसऱ्यांदा, हे प्रामाणिक लिहिलंत. माझा आक्षेप तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात.

पाच वल्ही, ताई, मागे तोंड करून वल्हवण्याची गोष्ट मला माहीत नव्हती. रात्री झोपताना आठवत होतो. कॉक्सनचा मुद्दा मान्य. पण सहा जणींत कॉक्सन एक, बाकीच्या पाच जणींचं काय?

---

पाच_वल्ही | १६ जुलै, दुपारी ४.१५

आळीपाळीने बसवतात की हो!

---

वाशिष्ठीकाठ | १६ जुलै, रात्री १०.५०

मी चिपळूणचा. फार वर्षांपूर्वीचा 'बी' प्रमाणपत्रवाला, पुढे काही केलं नाही, दुकान चालवतो.

२२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा आमच्या घराचा खालचा मजला गेला. पाणी ओसरल्यावर जे होतं ते कोणी बघू नये. गुडघाभर गाळ, त्यात फ्रीज, वह्या, मेलेली जनावरं. तिसऱ्या दिवशी बाहेरून मदतीला तरुण पोरं आली, पुष्कळ आली, आणि सगळी एकाच आळीत घुसली. पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक नाक्यावर उभा, उतरवून घ्यायला दहा जण आणि आतल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचवायला कोणी नाही. मी उभा होतो. आणि तोंडातून निघून गेलं, "एका ओळीत!" अठ्ठावीस वर्षांनी. मलाच धक्का बसला. पोरं उभी राहिली हो. नाक्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत हातोहात बाटल्या, मग औषधं, मग उलट्या बाजूने गाळाची घमेली.

मी काही वेगळं केलं नाही. ओळ लावली. बास.

---

रत्नांग्रीकर | १७ जुलै, सकाळी ८.००

धागा भरकटवतो, क्षमस्व. कॅम्पातल्या जेवणाबद्दल कोणीच लिहिलं नाही. दहा दिवस डाळीत डाळ शोधायची आणि शेवटच्या रात्री 'बडा खाना'. मासे खाणाऱ्या माणसाला दहा दिवस बटाटा! घरी आल्यावर आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, मी टोप समोर घेऊन बसलो.

---

मालवणी_मावशी | १७ जुलै, सकाळी ९.२५

झील इलो तेवा चार किलो कमी. माका वाटला हेका उपाशी ठेवल्यानी. तर म्हणता कसो, आये, चौथ्या दिसापासून जेवणाची चव लागाक लागली.

---

निळी_शाई | १८ जुलै, दुपारी २.००

गाडीच्या प्रश्नावर कोणी बोलतच नाहीये, म्हणून परत आलो.

हापूस दादा, माझ्या टेबलाचा अनुभव असा: दर वर्षी निवड झालेल्यांतली पाच-सहा मुलं दिवाळीपर्यंत गळतात. त्यात आळशी एखादंच. बाकीची तुमच्या मुलीसारखी, लांबच्या गावची. कागदावर कारण लिहितात 'वैयक्तिक'. तालुक्याच्या गावात राहणारी मुलं टिकतात, तीच पुढे रँकला जातात, तीच दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी पाठवली जातात. खेड्यातल्या पोरांना जमलं नाही असं मग सगळे म्हणतात.

हॉस्टेल हा एक उपाय, पण मुलींचं हॉस्टेल भरलेलं असणार. दुसरा: शनिवारी रात्री मैत्रिणीकडे मुक्काम. तिसरा: एनसीसीच्या सरांना जाऊन भेटा. परेडची वेळ बदलत नाहीत, पण तुमच्या रस्त्यावरची अजून कोण मुलं आहेत ते त्यांना माहीत असतं. यादी मागा.

---

जुना_सुभेदार | १८ जुलै, संध्याकाळी ६.३०

आणि यादी तुम्ही मागू नका. मुलीला मागू द्या.

---

हापूस_आणि_हिशेब | २९ जुलै, रात्री १०.१५

मंडळी, दोन रविवार झाले. दोन्ही वेळा मीच दुचाकीवर सोडलं. पहाटे साडेपाचला निघायचं, अंगावर इरलं घ्यावं असा पाऊस, रेनकोटच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत तिचे कपडे. पहिल्या रविवारी खाडीपुलावर चाक घसरलं, पडलो नाही, पण ही मागून ओरडली, "बाबा, थम!" मी थांबलो.

ती परेड करते तोवर मी स्टँडवर चहा पीत बसतो. तिथून ग्राउंड दिसतं. नवीन पोरांचा उजवा-डावा अजून जमत नाही. एक पोरगा डावा हात आणि डावा पाय एकदम पुढे टाकतो, बिचारा. मीही तसाच होतो.

लावणीचे दिवस आहेत, गडी मिळत नाहीत, आणि रविवारचा अर्धा दिवस माझा असा जातोय. वडील असते तर काय म्हणाले असते ते ऐकू येतं. किती रविवार जमेल माहीत नाही.

---

गिरगावातली_कोकणी | ३० जुलै, सकाळी ९.४०

दादा, यादी मागितली का तिने?

---

हापूस_आणि_हिशेब | ३० जुलै, दुपारी १.०५

विचारलं. "बघते" म्हणाली. या वयात 'बघते'चा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीतच आहे.

---

हापूस_आणि_हिशेब | २ सप्टेंबर, रात्री ९.३०

उशिरा लिहितोय, गणपतीची गडबड होती.

तर यादी तिने मागितली होती. मला सांगितलं नव्हतं. आमच्या रस्त्यावर तीन वेगवेगळ्या गावांतून तिच्यासारखी अजून चार मुलं निघाली, दोन मुली, दोन मुलगे. एकाचे वडील मासळीचा टेम्पो चालवतात, एकीच्या मामाची मॅजिक आहे, एकाच्या घरी जुनी व्हॅन. ही प्रत्येकाच्या घरी जाऊन आली, गणपतीच्या आरतीचं निमित्त करून. आम्हाला वाटत होतं पोरगी काय भाविक झाली!

गेल्या आठवड्यात फ्रिजवर तक्ता लागला. दिवाळीपर्यंतचे सगळे रविवार, कोणाची गाडी, कोण कुठल्या तिठ्यावर किती वाजता उभं राहणार, डिझेलचे पैसे कसे वाटायचे. टेम्पोवाल्यांचा रविवार भरती-ओहोटी बघून घातलाय, म्हणजे त्यांचा धंदा बुडायला नको. खाली लाल शाईत: 'पाच मिनिटं थांबणार. नंतर गाडी सुटेल.'

माझं नाव दर पाचव्या रविवारी आहे. मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं त्या दिवशी खताची गाडी येणार आहे, तर म्हणाली, "मग आधी सांगायचं होतं, आता बदली माणूस तुम्ही शोधा."

---

जुना_सुभेदार | २ सप्टेंबर, रात्री ९.५०

शोधा मग.

---

शंकेखोर | ३ सप्टेंबर, सकाळी १०.१०

तो लाल शाईतला नियम तिने स्वतःला लागू केलाय का, ते सांगा.

---

हापूस_आणि_हिशेब | ३ सप्टेंबर, रात्री ८.४०

मागच्या रविवारी व्हॅन होती. ही तिठ्यावर सात मिनिटं उशिरा पोचली, छत्री विसरली म्हणून परत फिरली होती. व्हॅन गेलेली. मी म्हटलं चल, दुचाकी काढतो. नको म्हणाली. घरी येऊन आजीसोबत अळू निवडत बसली. दुपारी त्या चौघांपैकी कोणाचा तरी फोन आला, त्याला म्हणाली, "बरोबर केलंत."

जाता जाता: नवीन बूट टाचेला चावतायत, दोन्ही पायांना फोड आलेत. कोणाला उपाय माहीत आहे का?

---

मालवणी_मावशी | ३ सप्टेंबर, रात्री ८.५५

टाचेकडे आतसून मेणबत्ती घासा. आणि दोन मोजे घालूक सांगा, आत पातळ, भायर जाड. फोड फोडू नको म्हणा तेका.